ओ. एस. मॅक्स २५ एलए-एस : जुन्या इंजिनाचा सोलापूरच्या माळावरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी कंट्रोल लाइन विमानासाठी ओ. एस. मॅक्स २५ एलए-एस हे छोटे इंजिन सेकंडहँड विकत घेतले. तेव्हापासून पावसाळ्याचे महिने सोडले तर जवळजवळ प्रत्येक रविवारी सकाळी ते अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडच्या एका मुरमाड माळावर चालवले आहे. माझ्या वहीत आजवर १४० उड्डाणांची नोंद आहे, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या दिवशीचे तापमान, इंधन कमी-जास्त करणारी सुई किती क्लिकवर (खाचेवर) होती आणि एका फेरीला किती सेकंद लागले हे लिहिलेले आहे. त्या वहीच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. इंजिन उत्तम आहे, हे माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मात्र त्याचा उत्तमपणा टाकी, इंधन, प्लग आणि प्रोपेलर या चार गोष्टी जुळल्यावरच दिसतो, आणि त्या जुळवण्यात माझे पहिले दोन महिने गेले.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या विमानात रेडिओ नसतो. उडवणारा वर्तुळाच्या मध्यभागी हँडल धरून उभा राहतो, हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखातून आत जातात, तिथे बेलक्रँक नावाची त्रिकोणी पट्टी त्या तारांची ओढ एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे विमान वर-खाली नेणाऱ्या शेपटीच्या पट्टीपर्यंत, पोहोचवते, आणि विमान आपल्याभोवती अर्धगोलाच्या पृष्ठभागावर फिरत राहते. माझ्या विमानाच्या तारा १८.३ मीटर लांबीच्या, म्हणजे ६० फुटांच्या आहेत. इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की विमान एकदा सुटले की उडवणाऱ्याच्या हातात फक्त एलिव्हेटर उरतो. आपल्या इंजिनाच्या नावातला ‘एस’ हेच सांगतो, कारण त्याला थ्रॉटलचा कार्ब्युरेटर नसून ठरावीक छिद्राची व्हेंचुरी, म्हणजे हवा आत घेणारी नळी, आणि इंधनाचे प्रमाण ठरवणारी नीडल व्हॉल्व्हची सुई एवढेच आहे. जमिनीवर सुई लावली की पुढची पाच-सहा मिनिटे इंजिनाने आपल्या भरवशावर तसेच चालायचे, सरळ उड्डाणात, उलट्या उड्डाणात, लूपच्या माथ्यावर आणि खाली येताना. त्यामुळे या छंदात इंजिनाची कसोटी ताकदीवर होत नाही, प्रत्येक वेळी ते तसेच चालते की नाही यावर होते.

ओ. एस. इंजिन्स ही जपानमधल्या ओसाकाची कंपनी १९३६ पासून मॉडेल विमानांची इंजिने बनवत आली आहे आणि तिच्या नावातली दोन अक्षरे संस्थापक शिगेओ ओगावा यांच्या नावावरून आलेली आहेत. एलए ही तिची साधी, परवडणारी मालिका होती. उत्पादन आता बंद झाले असल्यामुळे हे इंजिन मिळवायचे म्हणजे कुणाच्या तरी कपाटातूनच मिळवायचे. आकारमान ४.०७ सीसी आहे. क्रँकशाफ्टला बॉल बेअरिंग नाही, साधा बुश आहे. कागदावर ही उणीव वाटते, पण मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि तिच्यामुळे बॉल बेअरिंगला गंज चढतो, तो त्रास इथे मुळातच उद्भवत नाही. महिना-महिना पेटीत पडून राहणाऱ्या इंजिनाला मी तरी बुशच पसंत करीन.

सिलिंडर आणि पिस्टनची जोडी एबीएन पद्धतीची आहे, म्हणजे पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) पितळेचा, त्यावर निकेलचा मुलामा. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो, त्यामुळे थंड इंजिनाचा प्रोपेलर हाताने फिरवला की पिस्टन वर जाताना अडतो आणि बारीक चर्र असा आवाज येतो. नव्या माणसाला हा बिघाड वाटतो, पण तो जोडी शाबूत असल्याचा पुरावा आहे. इंजिन तापले की पितळ पिस्टनपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि मग ही जोडी बरोबर मापात येते. म्हणूनच असे इंजिन जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनांप्रमाणे तासभर भरपूर इंधनावर, थंड आणि संथ चालवून रुळवू नये. तसे केले तर निमुळत्या भागात पिस्टन नाहक घासला जातो. मी ते दीड-दोन मिनिटांच्या छोट्या फेऱ्यांत, नीट तापू देऊन, मध्ये पूर्ण थंड करून चालवले, आणि अशा आठ-दहा फेऱ्यांनंतर थेट विमानावर चढवले.

माझ्यापर्यंत आले तेव्हा मात्र इंजिनाची अवस्था वाईट होती, आणि त्याचा दोष कंपनीकडे जात नाही. ज्या गृहस्थांकडून ते घेतले त्यांनी ‘फक्त चार वेळा चालवलेले’ असे सांगितले होते आणि मी ६,५०० रुपये दिले. खोके उघडले तर क्रँकशाफ्ट जागचा हलेना. आत एरंडेल तेल वाळून राळेसारखे घट्ट झाले होते, हेडचे दोन स्क्रू सैल होते आणि मागची प्लास्टिकची बॅकप्लेट स्क्रू जास्त आवळल्यामुळे एका कानाजवळ तडकली होती. विकणाऱ्याने तडा कळवला असता तरी मी इंजिन घेतले असते, फक्त किंमत वेगळी ठरली असती. न सांगितल्याचे वाईट वाटले. सेकंडहँड इंजिन घेणाऱ्याने प्लग काढून, प्रोपेलर लावून फिरवतानाचा छोटा व्हिडिओ आणि बॅकप्लेटचा जवळून काढलेला फोटो आधी मागवावा.

वाळलेले एरंडेल काढण्यासाठी जोर लावू नये. मी प्लास्टिकचे आणि रबराचे सर्व भाग उतरवून उरलेले इंजिन रेडिएटरच्या कूलंटमध्ये बुडवले, एका टाकाऊ पातेल्यात, अंगणात, मंद आचेवर, उकळी येऊ न देता काही तास ठेवले आणि मग गरम असतानाच जुन्या टूथब्रशने घासले. ते पातेले आणि तो ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, कारण कूलंट विषारी असते. संध्याकाळपर्यंत शाफ्ट बोटाने फिरू लागला. आतले पिस्टन आणि लायनर निष्कलंक निघाले, तेव्हा व्यवहाराबद्दलचा माझा राग बराच निवळला.

बॅकप्लेटसाठी सोलापूरचा उपयोग झाला. या शहरात यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे लेथवाले आहेत आणि त्यांच्या हाताला बारीक मापांची सवय असते. एमआयडीसीतल्या एका टर्नरकाकांकडे मी तडकलेली प्लेट घेऊन गेलो. त्यांनी ती मायक्रोमीटरवर धरली, कडेची गोलाई, आत शिरणाऱ्या भागाची खोली आणि चार छिद्रांची अंतरे एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतली आणि एवढेच विचारले, “साहेब, ग्यास्केट किती थाऊचं टाकणार? त्या हिशोबानं आतली खोली ठेवतो.” (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) हा प्रश्न विचारणारा माणूस मिळणे हेच माझ्या दृष्टीने मोठे होते, कारण बॅकप्लेट आत जास्त शिरली तर क्रँकपिनला घासते आणि कमी शिरली तर क्रँककेसमधली पोकळी वाढून दाब कमी पडतो. दोन दिवसांत त्यांनी ॲल्युमिनियमच्या गोल सळईतून प्लेट काढून दिली. मजुरी ४०० रुपये घेतली. इंजिनाला पुढे जे स्थैर्य आले त्यात या तुकड्याचा वाटा मोठा आहे, कारण टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हाच इंधन ओढणारा पंप असतो आणि तिथे केसाएवढी फट राहिली तरी बाहेरची हवा आत येऊन मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होते, तेही दर वेळी सारखेच नाही. आपण सुई फिरवत राहतो आणि दोष मात्र दुसरीकडेच असतो. सुईच्या दांड्याजवळची बारीक रबरी रिंग जुनी असेल तर तीही हाच खेळ करते. तिच्यावरून सिलिकॉन नळीचा अर्धा सेंटिमीटरचा तुकडा घट्ट चढवला की हवा थांबते आणि सुई कंपनानेही फिरत नाही.

इंधनाबाबत इथे पर्याय थोडे आहेत. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याच्या विक्रीवर कायद्याची बंधने आहेत. ती योग्यच आहेत. म्हणून मी घरी मिसळण्याचा विचार सोडून तयार इंधन मागवतो. त्यात नायट्रोमिथेन ५ टक्के आणि तेल २२ टक्के असते, आणि तेलात निम्मे एरंडेल, निम्मे सिंथेटिक. बुश असलेल्या इंजिनाला एरंडेल हवेच. सिंथेटिक तेल ज्या तापमानाला जळून जाते तिथेही एरंडेल धातूला चिकटून राहते, आणि उड्डाणाच्या शेवटी टाकी रिकामी होताना इंजिन काही क्षण लीन आणि गरम होते तेव्हा तेच त्याला वाचवते. निम्मे-निम्मे ठेवल्यामुळे राळ साचण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. कॅनचे झाकण लगेच लावावे, कारण ओल शिरलेल्या इंधनावर इंजिन लहरी होते. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे इंधन सांडलेल्या जागी कुणी काडी ओढणार नाही याकडे लक्ष ठेवावे आणि नळी तोंडाने कधीही ओढू नये. मैदानावर पोरे जमतात, त्यांना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

ग्लो प्लगमधल्या तारेत प्लॅटिनम असते. सुरू करताना १.२ व्होल्टच्या सेलने ती तापवायची, नंतर सेल काढून घेतला तरी मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ती लालच राहते. याचा अर्थ या इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारी वेगळी यंत्रणाच नाही. मिश्रण, कॉम्प्रेशन आणि प्लगची उष्णता मिळून ती वेळ ठरवतात. मी ओ. एस. चाच आठ क्रमांकाचा मध्यम-गरम प्लग वापरतो. आधीच्या मालकाने लावलेला प्लग जळत होता, सेलवर लालही होत होता, तरी सेल काढला की इंजिनाचा वेग मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांनी उतरत असे. तार बाहेरून चकचकीत न दिसता पांढुरकी, खरबरीत झाली होती. प्लग बदलला आणि उतार थांबला. इंजिनाबद्दल शंका आली की पहिला खर्च नव्या प्लगवर करावा.

आता टाकी. या विषयावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि इथेच सर्वांत जास्त शिकलो. माझे विमान प्रोफाइल पद्धतीचे आहे, म्हणजे त्याचा सांगाडा एका जाड बालसा फळीचा, पंखांची लांबी १०७ सेंटिमीटर आणि उड्डाणाचे वजन ८२० ग्रॅम. इंजिन आडवे, सिलिंडर वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला, आणि त्याच बाजूला मागे पत्र्याची ९० मिलीची टाकी. विमान फिरत असताना इंधन बाहेरच्या भिंतीवर दाबले जाते, म्हणून आतली नळी टाकीच्या मागच्या, बाहेरच्या कोपऱ्यात नेतात. साध्या टाकीत अडचण अशी की इंधन कमी होत जाते तसा त्याचा दाबही कमी होतो आणि सुरुवातीला रिच (इंधन जास्त) असलेले इंजिन शेवटी लीन होते. युनिफ्लो टाकीत हवा आत आणणारी नळी पुढे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून असते आणि तिचे आतले टोक इंधन ओढणाऱ्या नळीच्या अगदी जवळ आणून सोडलेले असते. हवा तिथे बुडबुड्याने येते, त्यामुळे वर इंधन किती उरले आहे याला महत्त्व राहत नाही, आणि त्या टोकापाशी दाब शेवटपर्यंत सारखा राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅरियटची बाटली म्हणून जे दाखवतात तेच हे तत्त्व आहे. मी आधी साधी टाकी लावली होती आणि पहिल्या व शेवटच्या फेरीत जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा फरक पडत होता. पत्रा उघडून नळी बदलली, पुन्हा डाग दिला, आणि तोच फरक एक दशांशापर्यंत आला.

त्यानंतर टाकीची उंची. विमान सरळ आणि उलटे उडवून दोन्ही वेळच्या फेरीचे सेकंद मोजायचे. उलट्या उड्डाणात विमान वेगाने फिरत असेल, म्हणजे तिथे इंजिन लीन होत असेल, तर टाकी फार वर बसली आहे, ती चाकांच्या बाजूला खाली सरकवायची. सरळ उड्डाणात लीन होत असेल तर वर. माझी टाकी एकूण तीन मिलिमीटर खाली गेली, प्रत्येक वेळी एक मिलिमीटर, आणि प्रत्येक बदलानंतर दोन उड्डाणे. पुतण्या स्टॉपवॉच घेऊन वर्तुळाबाहेर बसायचा. घाई केली असती तर हे काम एका सकाळीही झाले असते, पण मग त्या आकड्यांवर माझा विश्वास बसला नसता.

तरीही काही उड्डाणांत इंजिन अचानक भुकेल्यासारखे तडतडायचे आणि सुई उघडूनही उपयोग होत नसे. कारण फेस हे निघाले. प्रोफाइल विमानाचे नाक पातळ असते, कंपनाने टाकीतले इंधन फेसाळते आणि नळीत इंधनाऐवजी बुडबुडे जातात. मी नाकाच्या दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर प्लायवूडच्या पट्ट्या पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत चिकटवल्या, टाकीखाली पातळ रबराची पट्टी घातली आणि प्रोपेलर नीट बॅलन्स केला. विमान १८ ग्रॅमने जड झाले आणि तडतड थांबली. ज्यांना हे इंजिन प्रोफाइल विमानावर लावायचे आहे त्यांनी पट्ट्या विमान बांधतानाच लावाव्यात.

प्रोपेलर एपीसी कंपनीचा ९ बाय ४, म्हणजे व्यास ९ इंच आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर, ४ इंच. जुन्या पिढीतले लोक हे वाचून भुवया उंचावतील, कारण स्टंट उड्डाण म्हटले की त्यांना मोठा प्रोपेलर आणि संथ, गुरगुरणारे इंजिन आठवते. अमेरिकेतले फॉक्स ३५ हे इंजिन त्या शैलीचा नमुना होते. सरळ उड्डाणात ते इतके रिच लावायचे की क्रँकशाफ्टच्या दर दुसऱ्या फेरीला एकदाच पेटावे, ज्याला फोर-सायकलिंग म्हणतात, आणि नाक वर केल्यावर भार वाढला की ते आपोआप टू-सायकलवर, म्हणजे प्रत्येक फेरीला पेटण्यावर, येऊन जोर द्यायचे. ते कानाला सुंदर लागते आणि त्याची आठवण मलाही प्रिय आहे. मीही २५ एलए तसेच लावून पाहिले. पण या इंजिनाचा तो पिंड नाही. तसे लावले की ते एका लूपमध्ये जोर देते आणि पुढच्यात देत नाही, शिवाय एकदा टू-सायकलवर आले की परत येण्याचे नाव घेत नाही.

त्याला कमी पिचचा प्रोपेलर द्यावा, जमिनीवर टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला सुमारे ११,३०० फेऱ्या ठेवाव्यात, आणि आवाज अखंड टू-सायकलचा पण किंचित ओलसर असावा, म्हणजे सर्वोच्च वेगापासून सुई थोडी उघडलेली. मग वेगाचे नियमन प्रोपेलरच करतो. विमान वर जाताना इंजिनाकडे जोर शिल्लक असतो, आणि खाली येताना कमी पिचचा प्रोपेलर ब्रेकसारखा काम करून विमानाला पळू देत नाही. आमच्या माळावर सकाळी आठनंतर वारा उठतो. वाऱ्यात लूपमागून लूप घेताना मोठ्या पिचचे विमान प्रत्येक लूपला वेग पकडत जाते आणि हँडलवरची ओढ भीती वाटावी इतकी वाढते. या जोडीने तो त्रास माझ्यापुरता मिटला. फेरीचा वेळ ५.१ सेकंद, हँडलवरची ओढ हिशेबाने सुमारे २.४ किलो, आणि आडव्या आठच्या दोन्ही गोलांत आवाज बदलत नाही. पहिल्यांदा उभा आठ पूर्ण करून विमान दीड मीटर उंचीवर सपाट आणले त्या सकाळी मी हँडल खाली ठेवल्यावर बराच वेळ काही बोललो नाही. पुण्यात शिकत असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी कंट्रोल लाइन विमान पहिल्यांदा हातात घेतले होते. तेव्हा जे कधीच जमले नव्हते ते या इंजिनामुळे जमले.

सोलापूरच्या हवेचा इंजिनावर होणारा परिणाम वेगळा सांगायला हवा. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी सातला १५ अंशांच्या आसपास थंडी असते. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊलाच पारा पस्तिशी ओलांडतो आणि दुपारी चाळिशीच्या वर जातो. १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. तेवढाच प्राणवायू कमी मिळतो, आणि सुई जागची न हलवता इंजिन रिच होते. म्हणून उन्हाळ्यात सुई बंद करायची असते. पुष्कळ जण उलट करतात, इंजिन तापेल या भीतीने सुई उघडतात, आणि मग जोर गेल्याची तक्रार करतात. माझ्या वहीप्रमाणे जानेवारी ते मे हा फरक चार क्लिकचा आहे. मे महिन्यात हेडखाली आणखी एक तांब्याची शिम, म्हणजे पातळ चकती, घालून कॉम्प्रेशन किंचित कमी केले, कारण कडक उन्हात इंजिन लवकर पेटण्याकडे, म्हणजे कर्कश होण्याकडे झुकू लागले होते. शिम घातल्यावर आवाज पुन्हा मऊ झाला. चाळिशीच्या पुढे मी स्वतःच मैदानावर जात नाही, त्यामुळे त्यापलीकडे हे इंजिन कसे वागते ते माझ्या वहीत नाही.

उष्णतेपेक्षा मला धूळ अधिक घातक वाटते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी होते. व्हेंचुरी उघडी असल्यामुळे जमिनीवर इंजिन चालू असताना ती थेट आत जाते, आणि पिस्टन-लायनरच्या जोडीला यापेक्षा वाईट काही नाही. रब्बीची ज्वारी काढल्यानंतर मोकळी झालेली शेते मोहात पाडतात, पण तिथे मी एकदाच उडवले आणि पुन्हा गेलो नाही. मुरमाचा माळ बरा. तिथेही विमान सोडण्याच्या जागी मी एक जुनी सोलापुरी चादर ओली करून अंथरतो, चार कोपऱ्यांना दगड ठेवतो आणि इंजिन तिच्यावरच सुरू करतो. इंधनाच्या नळीत बारीक जाळीचा फिल्टर आहे, पण तो इंधनातल्या कचऱ्यासाठी, हवेतल्या धुळीसाठी नाही. दिवस संपला की टाकी पूर्ण रिकामी करून, इंजिन कोरडे चालवून, व्हेंचुरीतून आणि प्लगच्या छिद्रातून तेलाचे चार-चार थेंब सोडून प्रोपेलर काही वेळा फिरवतो. एवढे केल्यावर महिन्याने काढले तरी इंजिन तिसऱ्या-चौथ्या फटक्याला सुरू होते. फटका नेहमी लाकडी दांडीला रबरी नळी चढवून मारावा, बोटाने नव्हे. ४ सीसीचे इंजिन लहान दिसते, पण बोटाची जखम लहान होत नाही.

विमानाच्या तारांबद्दल एक गोष्ट इंजिनाच्या परीक्षणातही लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या पोलादाच्या असतात, वीज वाहून नेतात, आणि शहराबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक माळावरून कुठली ना कुठली विजेची लाइन जाते. जगात या छंदात अशा लाइनला विमान किंवा तार लागून माणसे दगावली आहेत. वर्तुळाला सुमारे ४० मीटर व्यासाची जागा लागते, पण विजेच्या तारांपासूनचे अंतर त्याच्या कित्येक पट असावे, आणि आकाशात ढगांचा गडगडाट असेल तर हँडल हातात घेऊच नये. प्रत्येक सत्राआधी मी तारा, हँडल आणि बेलक्रँक विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून तपासतो, माझ्या बाबतीत ८.२ किलो. घरचा स्प्रिंगचा वजनकाटा त्याला पुरतो.

खर्च फारसा नाही. एका उड्डाणाला ९० मिली इंधन लागते आणि त्यात साडेपाच ते सहा मिनिटे मिळतात. १४० उड्डाणांत चार प्लग आणि तीन प्रोपेलर गेले, प्रोपेलर माझ्या उतरण्यातल्या चुकांमुळे. मूळचा मफलर चांगला आवाज दाबतो, मात्र तो जड आहे आणि आडव्या सिलिंडरमुळे त्याचे वजन बाहेरच्या बाजूला येते, त्यामुळे तारांच्या वजनाला तोल म्हणून बाहेरच्या पंखाच्या टोकात ठेवलेले शिसे मला निम्म्याने कमी करावे लागले.

इंजिनाच्या मर्यादाही आहेत. ९०० ग्रॅमच्या पुढचे विमान याला देऊ नये. वाऱ्यात वर चढताना ते दमते. सुट्या भागांचा प्रश्न दर वर्षी कठीण होत जाणार आहे. पिस्टन-लायनरची जोडी गेली तर तशी दुसरी जोडी शोधत बसावे लागेल आणि ते काम आपल्या टर्नरकाकांच्याही आवाक्यातले नाही. ज्याला फोर-सायकलची जुनी गुरगुर हवी आहे त्याने लोखंडी पिस्टनचे जुने इंजिन शोधावे. ज्याला ग्लो इंधन मिळवणे अवघड वाटते त्याने ईथर, रॉकेल आणि एरंडेलावर चालणारे मॉडेल डिझेल पाहावे, त्यात प्लगही लागत नाही आणि सेलही नाही, पण कॉम्प्रेशनचा स्क्रू आणि सुई अशा दोन गोष्टी एकत्र जुळवाव्या लागतात.

पहिल्यांदाच उडवायला शिकणाऱ्याने हे घ्यावे का, असे मला मैदानावर तीन जणांनी विचारले. माझे उत्तर होकारार्थी आहे, फक्त शिकतानाचे विमान थोडे मोठे आणि मंद असावे आणि सुई लावायला पहिले काही आठवडे जाणता माणूस सोबत असावा. घेताना पिस्टन वरच्या टोकाला अडतो का ते पाहावे, शाफ्ट बुशमध्ये आडवा हलतो का ते पाहावे, बॅकप्लेटला तडा नाही याची खात्री करावी, आणि या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर ७,००० रुपयांपर्यंत द्यायला हरकत नाही. मी स्वतः दुसऱ्या एका २५ एलएच्या शोधात आहे, चालवायला नव्हे तर त्याच्या लायनरसाठी, आणि तो मिळेपर्यंत माझे हे इंजिन दर रविवारी चारच उड्डाणे करील.